दुसरी कमान

…नळी म्हणजे काही शिक्षा नाही हो मॅडम, असं का बघताय माझ्याकडे — नाकातून घालतात, पोटात जाते, ठरावीक वेळानं पातळ अन्न सोडायचं, झालं. डॉक्टरांनीच सांगितलंय, तोंडानं पुरेसं जात नसेल तर नळी बसवू, आणि जातंय की नाही ते स्पीच थेरपिस्ट पाहून कळवतील. म्हणजे तुम्ही. म्हणून म्हणतो, कळवा त्यांना, नळी हवी. आत्ता आत तुमच्या डोळ्यांसमोरच झालं ना सगळं? मी चमचा नेला, गोदावरीनं तोंड आवळलं. पुन्हा नेला, मान भिंतीकडे. बायको आहे माझी, परका आहे का मी? मुगाचं वरण आणि भात, मिक्सरमधून मी स्वतः काढलेला, गाठ राहू नये म्हणून चाळणीतून गाळलेला. तुम्ही म्हणालात थोडं थांबू, तेवढ्यात हे अनंतराव आले, हातात डबा, आणि तुम्ही मला म्हणालात, 'चलिए सर, हम बाहर बैठते हैं.' का बरं? मी आत उभा राहिलो असतो तर काय बिघडत होतं? — नाही, रागावलो नाही. बसा. कठड्याला टेकू नका, सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी बसते त्यावर, सकाळी पुसली तरी दुपारी पुन्हा आहेच. आणि तुम्ही हिंदीतच बोला, मला काही अडचण नाही. तुम्हाला मराठी समजतं ना? मग झालं. ज्ञानदा, आमची मुलगी, तीही तसंच करते — मी मराठीत विचारतो, ती बंगळुरूहून हिंदीत उत्तर देते. आणि पहिला प्रश्न काय असतो तिचा रोज फोनवर? 'अनंतकाका आये थे क्या?' बाबा, तुम्ही जेवलात का, हे नंतर.

कोण म्हणून काय विचारता — शेजारीसुद्धा नाहीत. सदर बाजारात सोन्याचं दुकान आहे त्यांचं, आता मुलगा बघतो, हे गल्ल्यामागे बसून गप्पा मारतात. गोदावरीच्या माहेरचे. इथून जवळच, अभनपूरला दोघांची घरं समोरासमोर, एका पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली. तिला लकव्याचा अॅटॅक आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, हे कोणीतरी त्यांना दुकानात सांगितलं, आणि दवाखान्यातून घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी हे दारात. 'प्रोफेसर साहेब, गोदी कशी आहे?' गोदी. मी आयुष्यात तिला गोदी म्हटलेलं नाही. गोदावरी म्हणतो, पूर्ण. नदीचं नाव आहे, त्याचे तुकडे कशाला करायचे? तेव्हापासून रोज दुपारी येतात. पत्नी वारलीय त्यांची, वेळ आहे, तब्येत आहे, दात सगळे स्वतःचे आहेत, हसताना दिसतात ना, दाखवायलाच हसतात — असो, ते सोडा.

मी तुम्हाला शास्त्रीय बाजू सांगतो. कारण हे भावनेवर ठरवायचं नाही, बरोबर? मी इथेच रायपूरला प्राणिशास्त्र शिकवलं, आणि संशोधन केलं ते कोंबडीच्या गर्भावर. डोक्याचे आणि जबड्याचे स्नायू अंड्यात कसे तयार होतात, एवढाच विषय, आयुष्यभर. हसा, हसलात तरी चालेल, लोक हसतात. अंड्याच्या कवचाला वरून नखाएवढी खिडकी पाडायची, आत बारीक सुईनं काम करायचं, खिडकीवर चिकटपट्टी लावायची आणि अंडं परत उबवणीच्या पेटीत. आता बघा — मानेखाली सगळं शिस्तीत असतं. मज्जारज्जूच्या दोन्ही अंगांना पेशींचे ठोकळे पडत जातात, ओवलेल्या मण्यांसारखे, आणि त्या ठोकळ्यांतून पाठीचे, पंखांचे, पायांचे स्नायू. डोक्यात असे ठोकळे पडतच नाहीत. तिथे नुसत्या सैल पेशी, त्या खाली उतरतात आणि गळ्याशी ज्या कमानी असतात, एकीमागे एक, त्यांत शिरतात. पहिल्या कमानीत गेल्या त्यांचे जबडा मिटणारे स्नायू होतात. आवळणारे, चावणारे. आणि चोच उघडणारा स्नायू, जबड्याला मागून धरून खाली ओढणारा? तो पहिल्या कमानीतला नाही, मॅडम. तो दुसऱ्या कमानीतला. त्याची नस वेगळी, त्याचं कूळ वेगळं. आणि त्याच दुसऱ्या कमानीतून माणसामध्ये चेहऱ्याचे स्नायू येतात — भुवई उचलण्याचे, हसण्याचे. माणसात जबडा उघडायच्या बाबतीत थोडी सरमिसळ आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, मी चुकत असेन तर सांगा, मी बऱ्याचदा चुकतो. पण मुद्दा काय? तोंड मिटणं एका घरचं. तोंड उघडणं आणि हसणं दुसऱ्या घरचं, सख्खी भावंडं ती.

ऐकलंत? आत्ता. हसली. तो अर्धाच आवाज येतो आता तिचा, उजवीकडून हवा निसटते, पण ती हसली. आता तुम्हीच मघाशी सांगितलंत की घास तोंडात असताना बोलू द्यायचं नाही, हसवायचं नाही, अन्न श्वासनलिकेत जातं, छाती भरते. सांगितलंत ना? मग हा माणूस आत काय करतोय? हसवतोय. जाणूनबुजून. उद्या न्यूमोनिया झाला तर जबाबदार कोण, हा सराफ? म्हणून नळी. नळी बसली की हसण्याचा धोकाच नाही, आणि — आणि मग बाहेरच्या माणसानं यायचीही गरज राहत नाही. सिरिंजनं मी देईन. मोजून देईन. माझे हात कापतात ते चहाचा कप धरताना, बारीक कामाला कापत नाहीत, मी गर्भावर काम केलंय या हातांनी.

काय? घास गिळल्यावरच हसवतात म्हणता? तुम्ही पाहिलंत दारातून? — बरं. असेल. तुम्ही पाहिलं असेल तर असेल.

आणतात काय ते डब्यातून, माहितीये? तिखुर. जंगलातल्या कंदाचं पीठ, दुधात शिजवलं की घट्ट, गुळगुळीत होतं. तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, असं काहीतरी गुळगुळीत द्या, तर मी दुकानात जाऊन परदेशी पावडर आणली, डब्यावरचं सगळं वाचून. आणि हे आपले तिखुर घेऊन हजर. कोणी सांगितलं त्यांना? कोणीच नाही. 'गोदीले लहानपणापासून आवडते.' मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं या घरात तिखुर शिजलं नाही. तिनं कधी म्हटलं नाही, मला आवडतं म्हणून. मी विचारलं नाही असं म्हणाल, पण माणूस सांगतो ना, आवडत असलं तर? सांगतो की नाही?

तुम्हाला खरं सांगू का — दोन घरांत बोलणं झालं होतं. यांचं आणि तिचं. आमच्या लग्नाआधी. हे मला तिनं नाही सांगितलं, तिच्या मावशीनं सांगितलं, शांतामावशी, जेवायला वाढता वाढता, जसं काही मीठ हवं का विचारावं. म्हणे, अनंतशी ठरल्यातच होतं, पण तो बी.कॉम.ला नापास झाला आणि तुमचं स्थळ आलं, डॉक्टरेटवालं. म्हणजे डिग्रीला मुलगी दिली. मला काय वाटलं तेव्हा? अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू. वाटलं, जिंकलो. आणि आता हा नापास माणूस माझ्या घरात, माझ्या चमच्यानं — चमचासुद्धा आमचाच वापरतात, हं, डबा फक्त त्यांचा.

माझं एक मत होतं, मॅडम. माझ्या प्रबंधातलं. की स्नायूच्या पेशीला आपण कोण होणार हे आधीपासून ठाऊक असतं. ती कमानीत शिरते तीच ठरवून शिरते. त्यासाठी मी लाव्याच्या, तुम्ही बटेर म्हणता, त्या लाव्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात घालून पाहत होतो. लाव्याच्या पेशीच्या केंद्रात रंग दिल्यावर एक गडद ठिपका दिसतो, कोंबडीच्या पेशीत तो तसा नसतो, म्हणून परकी पेशी कुठे जाऊन बसली ते नंतर सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतं. कितीही मिसळली तरी ओळखता येतं. आणि मग बाहेरच्या प्रयोगशाळांनी दाखवलं, माझं चुकलं. स्नायूला स्वतःचं मत नसतं. त्याच्या भोवती दुसऱ्या पेशी असतात, मेंदू तयार होतो त्याच्या कडेवरून निघून चेहऱ्यात उतरलेल्या. हाड त्यांचं, स्नायूभोवतीचं आवरण त्यांचं, आणि कुठे चिकटायचं, कुठून वळायचं हे त्या सांगतात. त्या लाव्याच्या घेऊन बदकाच्या गर्भात घातल्या, तर बदकाला लाव्याची चोच आली. आणि स्नायू? स्नायू बदकाचेच, पण बांधले गेले लाव्यासारखे. मांस बदकाचं, वळण लाव्याचं. मी तो लेख वाचला आणि तिला दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मग यात नवीन काय? ज्याच्याजवळ वाढलं, त्याचंच होणार ना. मला राग आला होता. आता वाटतं — ती कोणाबद्दल बोलत होती?

कारण अभनपूरला ती याच्याजवळ वाढली. पण मग नंतर? नंतर तर मीच होतो ना भोवती. मीच.

तुम्ही म्हणाल, एका आजारी बाईच्या बाबतीत हे काय घेऊन बसलात, या वयात. मीही स्वतःला तेच म्हणतो. दुपारचे बारा वाजले की मी रस्त्याकडे बघायला लागतो, स्कूटर आली का. आली नाही तर बरं वाटतं, आणि मग ती उपाशी राहते आणि मला — परवा नाही आले. लग्न होतं कुठेतरी. मी दिवसभर चमचा घेऊन बसलो. दोन घास, मॅडम. संध्याकाळपर्यंत दोन घास. आणि मी रात्री काय विचार केला माहितीये? त्यांना फोन करावा, असा नाही. मी विचार केला, चला, आज निदान त्यांच्या हातचं तरी नाही खाल्लं.

हे लिहू नका कुठे.

मी निरीक्षण केलंय. दाराआड उभं राहून, लपून नाही, माझंच घर आहे. काय करतात हे? काही नाही. कोणतीही पद्धत नाही. पलंगाशी स्टूल ओढतात आणि सुरू. 'काहून वं गोदे, आज मुकी काहून बसली?' मग त्या पाऱ्यातल्या गोष्टी. कोणाची म्हैस तलावात बसून राहिली, कोणाच्या लग्नात पंगत बसली आणि बिजली गेली आणि अंधारात व्याह्याच्या पानातली जिलबी कोणी उचलली. मेलेल्या माणसांच्या गोष्टी सगळ्या. 'तुले आठवते का वं?' आणि ती म्हणते, 'हव.' तेवढा एक शब्द राहिलाय तिच्याकडे धड. हव. आणि हव म्हणायला काय करावं लागतं? म्हणून बघा तुम्ही, हळूच. जबडा खाली पडतो. आणि त्या क्षणाला चमचा आत. हे मुद्दाम करतात का? मला वाटलं होतं मुद्दाम करतात, मी एकदा विचारलंही — ते म्हणाले, 'काय मालूम बुवा, मी तं गप्पा मारून राहिलो.' पुन्हा गोष्ट, पुन्हा हव, पुन्हा चमचा. अख्खी वाटी. मला वाटतं त्यांना खरंच माहीत नाही. तेच जास्त लागतं.

कोंबडीचं पिल्लू चोच वासत नाही, मॅडम. हे तुम्हाला ठाऊक आहे का? चिमणीचं वासतं, मैनेचं वासतं, आई फांदीवर बसली की घरटं हलतं आणि सगळी तोंडं वर. कोंबडीचं अंड्यातून निघतं ते स्वतःच टिपायला लागतं. अंड्यात असतानासुद्धा चोच उघडमिट करतं, पण कोणासाठी? कोणासाठीच नाही. आपलं आपलं. मी जन्मभर तेच पाहिलं. ज्याला कोणी भरवावं लागत नाही असाच पक्षी पाहिला. मग मला कसं कळावं दुसऱ्याचं तोंड कशानं उघडतं? शिकवलं कुणी मला?

हो, केलं ना मी. तेही करून पाहिलं. तुम्हाला वाटलं, हट्टी म्हातारा आहे, प्रयत्न केला नसेल. ते गेल्यावर मी स्टुलावर बसलो. आता आमच्याकडे अशा गोष्टी नाहीत, पाऱ्याबिऱ्याच्या, म्हणून मी तिला विचारलं, गोदावरी, आपण महाबळेश्वरला गेलो होतो, आठवतं? चमचा तयार ठेवला. आणि ती म्हणाली — 'हो.'

हो. 'हव' नाही. 'हो.' हळू, पण स्वच्छ. ओठ गोल करून. तुम्ही बघा म्हणून, हो म्हणताना ओठ पुढे येतात, चमचा दातांवर आपटतो, सगळं गळ्यावर सांडलं. मी पुन्हा विचारलं, थोडं खातेस? 'हो.' पुन्हा सांडलं. चार वेळा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी चमचा आपटला.

ते 'हो' माझं आहे. म्हणजे मी आणलेलं. लग्न होऊन आली तेव्हा मले, तुले, काहून, हव — सगळं तसंच बोलायची, अनंतरावांसारखं. मीही गोंदियाचा, घरात आमच्याही तेच. पण मी पुण्याला एम.एस्सी.ला गेलो आणि वसतिगृहात पहिल्याच रात्री 'मले गादी कुठं भेटन' म्हणालो, तर वर्षभर पोरांनी मला 'मले' म्हणूनच हाक मारली. ए मले, चहाला येतोस का. मी जीभ घासून काढली, मॅडम. आणि तिला कोणी हसू नये म्हणून तिचीही. विद्यापीठातल्या बायकांत बसायचं होतं तिला. ती हव म्हणाली की मी फक्त बघायचो तिच्याकडे, ओरडलो कधीच नाही, आणि ती म्हणायची, 'हो.' शिकली भराभर. हुशार होती, आहे. लोक विचारायचे, वहिनी पुण्याच्या का? मला काय बरं वाटायचं. आणि बघा, मेंदूचा एवढा भाग गेला, सगळी भाषा वाहून गेली, माझं नाव येत नाही तिला, ज्ञानदाचं येत नाही, पण मी समोर बसलो की अजूनही 'हो' निघतं. मी शिकवलेलं राहिलं. एवढं तरी आहे की नाही माझं?

काय म्हणालात?

नाही, ऐकू आलं मला. पुन्हा म्हणा पण. 'मना नहीं कर रहीं, सर. आपकी बात रख रही हैं.'

…म्हणजे तोंड आवळते ती —

म्हणजे मी समोर आलो की ती नीट बोलायचा, माझं 'हो' म्हणायचा प्रयत्न करते. एवढ्या आजारात. चमचा बघून नाही, मला बघून. आणि मी तुम्हाला सांगतोय की दात आवळले, मान फिरवली. मान तर मी चमचा आपटला त्यानंतर फिरवायला लागली.

आणि तुम्ही काय सुचवताय, मी आत जाऊन बसू त्यांच्या शेजारी? आणि काय म्हणू? मले — मला नाही जमायचं ते. मी आता गोदी म्हटलं तर तिला वाटेल, कोणी दुसराच आला. ती 'हव' म्हणेल का माझ्यासमोर? तिला वाटेल, परीक्षा घेतायत. शंभर वेळा सांगावं लागेल की चालतं, चालतं, तसंच बोल. आणि ऐकेल कशावरून? उलट दिशेचं मी तिला कधी काही सांगितलेलंच नाही. बरं, आणि तो बाजूला बसून बघणार. शिकवणार मला. सराफ. 'प्रोफेसर साहेब, असं विचारा.' आणि हसणार त्या सगळ्या दातांनी. आणि ती त्याच्याकडे बघून हसणार. रोज दुपारी, माझ्या समोर. हे तुम्ही औषध म्हणून देताय मला.

थांबा, फोन ठेवा जरा. डॉक्टरांना काही कळवू नका. नळीचं. मी काय म्हणालो ते — तुम्ही आलात तेव्हापासून मी जे म्हणालो, ते म्हणालो नाही असं समजा. नळी नको. तिचं तोंड उघडतंय ना? उघडतंय. कोणासाठी का असेना. एक विनंती करतो, त्यांना मात्र कळता कामा नये की मी नळी मागत होतो. कोणालाच नको, ज्ञानदालाही. पण त्यांना तर नाहीच. त्यांनी माझ्यावर दया करावी, एवढं माझ्याच्यानं होणार नाही. कबूल?

हळू बोला, स्टूल सरकलं आत.

— या, या अनंतराव, या. झालं जेवण? अख्खी वाटी, वा. नाही, आम्ही आपलं काही नाही, शास्त्राच्या गप्पा, मॅडमना कोंबडीच्या गर्भाबद्दल सांगत होतो. या मॅडम म्हणतात, छान खातायत, नळीची काही गरज नाही. मी केव्हापासून तेच समजावतोय त्यांना, नळी कशाला, आपले अनंतराव आहेत. बसा ना. पाणी आणतो तुम्हाला, गार की साधं? — अच्छा मॅडम, तुम्ही निघा आता. नाही, काही राहिलं नाही बोलायचं. निघा.